पिरूझ आणि बाकीच्या बातम्या

१६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानच्या एका इस्पितळात महसा अमिनी नावाची २२ वर्षांची मुलगी गेली. कुर्दिस्तानातून घरच्यांबरोबर राजधानीत आलेली. डोक्यावरचं वस्त्र नियमाप्रमाणे नाही म्हणून तिला तीनच दिवसांपूर्वी पोलिसांनी उचललं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, नामिबियाहून आठ चित्ते ग्वाल्हेरला उतरले. तिथून हेलिकॉप्टरनं मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात.

आमच्या घरी त्या शनिवारी दिवसभर चित्तेच चालले होते. पिंजऱ्याचं दार वर जातंय, चित्ता बाहेर येऊन इकडेतिकडे बघतोय, परत तेच. आणायला गेलेल्या विमानाच्या नाकावर वाघाचं तोंड रंगवलं होतं. चित्ते आणायला वाघाचं विमान! पण त्या दिवशी असल्या शंका काढायच्या नव्हत्या. पडद्याच्या तळाशी इराणची पट्टी सरकत होती. आमच्या सासूबाई पट्टी मोठ्यानं वाचतात. त्यांनी तीही वाचली आणि थांबल्या.

"पदरासाठी जीव घेतला?"

"पदर नाही हो आई, हिजाब."

"तेच ते. आम्हीसुद्धा खाल्लीत बोलणी. मामंजींसमोर डोक्यावरचा पदर ढळला की तीन दिवस घरात कुणी धड बोलायचं नाही." मग जरा वेळानं, "या पुढच्या चित्त्याचं नाव काय ठेवलंय गं?"

मला तेव्हा हसू आलं. पण बातमी ऐकण्याची आपली सगळ्यांची रीत हीच असते. माणसाची बातमी आपल्या अनुभवाशी ताडून बघायची, क्षणभर थबकायचं आणि मग चित्त्याकडे वळायचं. चित्त्याकडे वळणं सोपं असतं. प्राण्याची बातमी आली की आपण कागदपत्रं मागत नाही. माणसाची आली की आधी चौकशी सुरू: कुठल्या देशाचा, कुठल्या धर्माचा, बातमी पाठवणारा कुठल्या बाजूचा, ती आत्ताच का पाठवली, आणि शेवटी तो हुकमी एक्का, "तेव्हा कुठे होतात?" चित्त्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून चित्त्याच्या बछड्याखाली बदाम पडतात आणि तुरुंगातल्या बाईच्या बातमीखाली पहिली प्रतिक्रिया येते ती "पूर्ण माहिती घेऊन बोला" अशी.

प्राण्यांविषयीची माया खोटी असते असं मला अजिबात म्हणायचं नाही. ती खरीच असते. फक्त ती बिनखर्ची असते. निदान आपल्याकडे बसून तरी.

इराणमध्ये ती बिनखर्ची नाही, हे मला पिरूझमुळे कळलं.

आशियाई चित्ता आता जगात फक्त इराणात उरलाय. २०२२ च्या सुरुवातीला तिथल्याच पर्यावरण खात्यानं सांगितलेला आकडा होता १२. बाराशे नव्हे, बारा. त्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला सेमनान प्रांतात तूरानच्या संवर्धन केंद्रातल्या एका मादीचं सिझेरियन करून तीन पिल्लं काढली. बंदिवासात या जातीची वीण होण्याची ही पहिलीच वेळ. आईनं पिल्लं घेतली नाहीत. एक चार दिवसांत गेलं, दुसरं तिसऱ्या आठवड्यात. उरलं ते पिरूझ. त्याला बाटलीनं दूध पाजून, शेजारी झोपून एका माणसानं वाढवलं, आधी तूरानला आणि मग तेहरानच्या पार्दिसान बागेत. त्या दोघांच्या चित्रफिती मी किती वेळा पाहिल्यात! चित्त्याच्या पिल्लाच्या पाठीवर लहानपणी करड्या केसांचा लांब झुपका असतो. हे एवढंसं जनावर झुपका फुलवून त्या माणसाच्या अंगावर चढायचं आणि तो त्याच्याशी फारसीत काहीबाही बोलायचा. एक अक्षर कळत नव्हतं, पण लाडाची भाषा समजायला काय लागतं!

इकडे पिरूझ मोठा होत होता आणि बाहेर रस्त्यावर बायका डोक्यावरची वस्त्रं काढून जाळत होत्या. लोक आपण रस्त्यावर का आलो याची कारणं एकेका ओळीत ट्विटरवर लिहीत होते. शेरविन हाजिपूर नावाच्या पंचविशीतल्या गायकानं त्या ओळी गोळा करून चाल लावली आणि घरी बसून गायल्या. दोन दिवसांत ते गाणं कोट्यवधी लोकांनी ऐकलं आणि शेरविनला अटक झाली. पुढे २०२३ च्या फेब्रुवारीत त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. त्यात गल्लीत नाचता येण्यासाठी अशी ओळ आहे, तेहरानच्या वलिअस्र रस्त्यावरच्या वाळत चाललेल्या झाडांसाठी आहे, बंदी घातलेल्या निरपराध कुत्र्यांसाठी आहे, अफगाण मुलांसाठी आहे. आणि एक ओळ पिरूझसाठी, तो नामशेष होईल या भीतीसाठी.

मी ते शब्द पहिल्यांदा समजून घेतले तेव्हा चकितच झाले. आपल्याकडे मोर्चाची पत्रकं मी पुष्कळ वाचलीत. त्यात मागण्या कशा खात्यावार लावलेल्या असतात. महिलांच्या इथे, शेतीच्या तिथे, पर्यावरण असलंच तर शेवटून दुसरं. या पोरांनी बाई, कुत्रं, झाड आणि चित्ता एकाच दमात म्हटले आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ज्या राज्यात कुत्रं फिरवायला नेणंसुद्धा पोलिसांच्या मर्जीवर असतं, तिथे हे सगळे एकाच कायद्याखाली भरडले जात असतात.

पण खरी गोष्ट त्याच्याही चार वर्षं आधीची आहे. जानेवारी २०१८ मध्ये इराणच्या क्रांतिरक्षक दलानं वन्यजीव वाचवणाऱ्या एका संस्थेच्या माणसांना पकडलं. आरोप हेरगिरीचा. पुरावा कसला, तर चित्त्यांच्या वाटेवर लावलेले कॅमेरे.

हे कॅमेरे आपल्या ताडोबात, मेळघाटातही असतात. जेवणाच्या डब्याएवढी मळकट हिरवी पेटी, पट्ट्यानं झाडाला बांधलेली, माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर. समोरून ऊब असलेलं काही हललं की फोटो. बस, एवढंच काम. काही मीटरच्या पलीकडचं त्याला धड दिसत नाही. बहुतेक फोटो रानडुकराच्या पाठीचे, वाऱ्यानं हललेल्या गवताचे, नाहीतर कॅमेऱ्यात नाक खुपसणाऱ्या अस्वलाचे निघतात. महिन्याकाठी कुणीतरी उन्हातून चालत जायचं, बॅटरी बदलायची, कार्ड काढून आणायचं आणि हजारभर बिनकामाच्या फोटोंतून एक कामाचा शोधायचा. दोन चित्त्यांच्या ठिपक्यांची नक्षी कधीही जुळत नाही, त्यामुळे त्या एका फोटोवरून कळतं की हा कुठला, गेल्या वर्षीचाच की नवा. इराणातल्या मोजक्या चित्त्यांचा हिशोब याच पेट्यांवर चालतो. या पेटीनं एखाद्या देशाची लष्करी गुपितं बाहेर काढायची म्हटलं तर आधी ती गुपितं चार पायांवर चालत पाणवठ्यावर यायला हवीत.

त्या सरकारनंच नेमलेल्या समितीनं हेरगिरीचा काही पुरावा नाही असं सांगितलं होतं. उपयोग झाला नाही. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, समाजशास्त्राचे प्राध्यापक काऊस सय्यद-इमामी, अटकेनंतर दोन-तीन आठवड्यांत तेहरानच्या एव्हिन तुरुंगात मरण पावले. आत्महत्या, असं अधिकारी म्हणाले. घरच्यांनी ते कधी मानलं नाही. काही जणांवर तर फाशी होऊ शकेल असं कलम लावलं होतं, ते नंतर काढलं. पुढे शिक्षा सुनावल्या, चार वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत. निलूफर बयानी पूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमात होत्या. त्यांना दहा. चौकशीत काय काय धमक्या दिल्या ते त्यांनी तुरुंगातून पत्रं लिहून कळवलं. हूमन जोकर चित्त्यांवर वर्षानुवर्षं काम केलेले. तेही आत.

म्हणजे हिशोब असा होतो: पिरूझ जन्मला तेव्हा चित्त्याची नस ओळखणारी माणसं तुरुंगात होती. २८ फेब्रुवारी २०२३ ला मूत्रपिंडं निकामी होऊन तो दहा महिन्यांचा मेला, तेव्हाही ती तुरुंगातच होती. ती बाहेर असती तर पिरूझ वाचला असता, असं मी म्हणणार नाही. बाटलीवर वाढवलेलं जनावर नाजूक असतं. महिन्याभरातच कुनोतली साशा ही चित्तीणसुद्धा मूत्रपिंडाच्याच दुखण्यानं गेली आणि तिच्या दिमतीला डॉक्टर हजर होते. पण इराणनं आपलं राष्ट्रीय जनावर म्हणून २०१४ च्या विश्वचषकात फुटबॉलच्या सदऱ्यावर चित्ता छापायचा आणि त्याचे फोटो काढणाऱ्याला दहा वर्षं, या व्यवहाराला काय म्हणावं? कोल्हापूर संस्थानात चित्ते होते तेव्हा चित्तेवान त्यांचे डोळे टोपीनं झाकून शिकारीवर न्यायचे आणि काळवीट दिसलं की टोपी काढायचे. इराणनं टोपी बघणाऱ्यांना घातली.

इराणला नावं ठेवणं सोपं आहे, आणि ती ठेवायलाच हवीत. पण ज्या कुनोचं कौतुक आम्ही दिवसभर पाहिलं, तिथली जागा रिकामी कशी झाली, हेही त्या पडद्यावर यायला हरकत नव्हती. गीरचे सिंह आणायचे म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथली २४ गावं उठवली, बहुतेक सहरिया आदिवासींची. सिंह आजतागायत आले नाहीत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं द्या म्हणून सांगूनही नाहीत. गावं गेली ती गेलीच. कुणाला तुरुंगात टाकलं नाही, खरं आहे. कुणी नाव घेऊन चौकशीही केली नाही.

आणि ताडोबा तर आपलंच. माया वाघीण कुणाला माहीत नाही? तिची पिल्लं, तिचे जोडीदार, तिचा पाणवठा, सगळं लोकांना तोंडपाठ. नोव्हेंबर २०२१ मध्ये व्याघ्रगणनेसाठी पायी खुणा नोंदवायला निघालेल्या एका वनरक्षक महिलेवर वाघिणीनं झडप घातली आणि ती बाई गेली. ती वाघीण मायाच, असं सांगतात. बरोबर तीन मजूर होते, हातात नोंदवही. वाघिणीचा काही दोष नाही, तिच्या घरात शिरलं तर ती तेच करणार. पण जिप्सीतून उतरलेल्या पर्यटकांना त्या बाईंचं नाव विचारून बघा. माझ्या पुतणीला मायाची तीन पिढ्यांची वंशावळ येते. तिलाही ते माहीत नव्हतं.

एप्रिल २०२४ मध्ये बयानी, जोकर आणि आणखी दोघे सुटले. सहा वर्षांहून जास्त काळ आत होते. आमच्या घरच्या ग्रुपवर एरवी मी फार काही टाकत नाही, पण ही बातमी टाकली, फोटोसकट. रोज सकाळी सूर्योदय पाठवणाऱ्या काकांनी अंगठा दिला. नणंदेनं विचारलं, ओळखीचे आहेत का? बाकी सामसूम. मग पुतणीचा निरोप आला.

"काकू, यांनी केलं काय होतं?"

"जंगलात कॅमेरे लावले होते. चित्त्यांसाठी."

"ते कळलं गं. गुन्हा काय केला होता?"