टिप्या आणि ठमी: श्रावण ते दिवाळी

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. टिप्या हा आमचा गावठी कुत्रा, तीनेक वर्षांचा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाढलेला. गाडीखाली मांजर दिसलं की पोटावर सरपटत आत घुसायचं, हा त्याचा जुना छंद. ठमी हे मांजराचं पिल्लू श्रावणातल्या पावसात आलं, जेमतेम दोन महिन्यांचं. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, गॅलरीला जाळी.

तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना ओळख झाली तर जमण्याची शक्यता जास्त, आणि मांजर घरात आधी आलेलं असेल तर आणखी बरं, असं त्यात दिसलं. आमच्याकडे ठमीचं वय सोडलं तर सगळं उलटं. म्हणून मी मैत्रीची अपेक्षाच ठेवलेली नाही. टिप्याला ठमीचा कंटाळा यावा, एवढंच मला हवंय.

गणपतीच्या आधी

ठमी मागच्या खोलीत, दार बंद. एक जुनं सुती फडकं तिच्या गालांवरून फिरवायचं आणि टिप्याच्या ताटलीखाली ठेवायचं. त्याच्या अंगावर फिरवलेलं तिच्या खोलीत. गालच का, तर मांजर आपल्या जागेवर वासाची खूण गाल घासूनच करतं. टिप्या पहिल्यांदा फडक्यावर नाक टेकवून पुतळ्यासारखा उभा राहिला. तसं होत असेल तर पुढे जायचं नाही. हुंगून, नाक फुरफुरून तो जेवायला लागला, तेव्हा दोघांच्या ताटल्या बंद दाराच्या दोन बाजूंना आणल्या आणि हळूहळू दाराजवळ सरकवल्या.

सासूबाईंना हे सगळं थेर वाटतं. "अगं, सोड की एकदा समोरासमोर. भांडतील आणि गप्प बसतील."

"आई, टिप्याचं वजन अठरा किलो आहे. ठमीला एकही भांडण परवडायचं नाही."

"मग बशीभर दूध तरी दे तिला." तेही नाहीच. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. आईंनी माझ्या माघारी एकदा दिलंच, त्याचे परिणाम तिच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये दिसले.

पितृपक्ष

खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं गेट लावलं. गजांतून पिल्लू सहज निसटतं, म्हणून त्याला प्लास्टिकची जाळी तारेने बांधली. टिप्याला आधी टेकडीवर दमवून आणायचं, मग हार्नेस आणि दोरी, मग गेटसमोर. दोरी ताणलेली नको. ताण आला की कुत्रा आणखी पुढे झेपावतो.

लोक भुंकण्याला घाबरतात. मला भीती वाटते ती गप्प टिप्याची. तोंड मिटलेलं, कान पुढे, वजन पुढच्या पायांवर, नजर हलत नाही: ही शिकारीची तयारी. अशा वेळी हाक मारूनही उपयोग होत नाही, कारण त्याला ऐकूच येत नसतं. तो असा थिजण्याच्या दोन पावलं आधीच "टिप्या" म्हणायचं, त्याने मान वळवली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. मान वळवण्याचे पैसे मिळतात हे त्याला कळलं तसा तो स्वतःहून ठमीकडे बघून लगेच माझ्याकडे बघायला लागला. आता तर मला लुबाडण्यासाठीच बघतो. लुबाडू दे.

शेपटीचा घोळ खरा आहे. कुत्रं बहुतेक वेळा खुशीत शेपूट हलवतं, मांजर वैतागून आपटतं. पण तेल अवीवच्या त्या अभ्यासात लहानपणी ओळख झालेली बरीच जनावरं एकमेकांच्या खुणा बरोबर वाचत होती. ठमीला हे चटकन जमतंय. टिप्या अजून पंजा खाऊन शिकतोय, त्यामुळे तिच्या नखांची टोकं नियमित कापते. कुत्र्याच्या डोळ्याला ओरखडा जायला वेळ लागत नाही.

नवरात्र

सगळ्यात जास्त फरक सुताराने केला. भिंतीवर फळ्या, त्यांवर पाय घसरू नये म्हणून पायपुसण्याचे तुकडे चिकटवलेले. कपाटावरून माळ्यावर, माळ्यावरून शोकेसवर, तिथून खिडकीत. नियम एकच: टिप्या मागच्या पायांवर उभा राहिला तरी पोचणार नाही एवढी उंची, आणि प्रत्येक जागेतून निघायला दोन वाटा. एकच वाट असली की मांजर कोंडीत सापडतं आणि मग ते पळत नाही, मारतं.

मातीचा ट्रे बाथरूममध्ये. दाराला दोरीने अशी कडी केली आहे की ठमीपुरतीच फट राहते. टिप्याला त्या ट्रेमधला माल मेजवानी वाटतो (कुत्रेवाल्यांना सांगायला नको), आणि गोळे होणारी माती पोटात जाणं बरं नाही. ठमीचं खाणं फ्रिजवर. उलट दिशेनेही लक्ष हवं: मांजरांना टॉरिन हे पोषकद्रव्य आहारातूनच मिळावं लागतं, त्यामुळे कुत्र्याच्या खाण्यावर मांजर वाढवू नका. डोळे आणि हृदय दोन्ही जातात.

आणि गोचिडांचं औषध. पावसाळ्यानंतर आपण सगळे कुत्र्याच्या मानेवर थेंब टाकतो. त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. थरथर, झटके, मृत्यूसुद्धा. थेट मांजराला लागलं पाहिजे असंही नाही; नुकतं औषध टाकलेल्या कुत्र्याला घासलं किंवा त्याला चाटलं तरी पुरे. पावडर आणि शाम्पूच्या मागचंही वाचा. आमच्या डॉक्टरांना घरात मांजर आलंय हे सांगितल्यावर त्यांनी टिप्याचं औषधच बदललं. या नोंदीतलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

दिवाळी

फटाके सुरू व्हायच्या आधीच दोघं वेगळ्या खोल्यांत. आवाजाने घाबरलेलं मांजर जे समोर येईल त्याच्यावर तुटून पडू शकतं, आणि महिन्यांची मेहनत एका सुतळी बॉम्बवर मला घालवायची नव्हती. भाऊबीजेनंतर पुन्हा गेटपासून सुरुवात केली, यावेळी गाडी भराभर पुढे गेली.

सध्याची स्थिती: ठमी हॉलमधून चालत गेली तर टिप्या चटईवरून उठत नाही. तिने नाकाला नाक लावलं, मांजरं आपसात करतात तसं, तर तो तोंड फिरवून जांभई देतो. जांभई म्हणजे अवघडलेपण, झोप नव्हे. मी तिथेच थांबवते. ती धावली की मात्र जुना टिप्या जागा होतो. म्हणून दोरीचं टोक अजून माझ्या हाताशी, आणि आम्ही बाहेर पडलो की गेट बंद.

पुढच्या महिन्यात ठमीचं नसबंदीचं ऑपरेशन. परत येईल तेव्हा अंगाला दवाखान्याचा वास आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात भोंग्यासारखी कॉलर, म्हणजे टिप्याच्या लेखी नवीनच प्राणी. तेवढे दिवस ती मागच्या खोलीत, आणि फडकं पुन्हा बाहेर काढायचं. कॉलर घातलेल्या मांजराची ओळख कुणी करून दिली असेल तर कसं केलंत ते लिहा.