मुराळी आणि मुरली

माझ्या वडिलांनी १९९६ साली खटाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. जाते फिरल्याशिवाय आजीला ओवी आठवत नसे, म्हणून त्यांनी तिच्यापुढे दोन शेर ज्वारी ठेवली, रेकॉर्डर पाटावर ठेवला आणि ते ओसरीवर जाऊन बसले. ही कॅसेट गेल्या वर्षी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. ती संगणकावर उतरवावी, ओव्यांचे शब्द लिहून काढावेत आणि नातेवाइकांसाठी छोटी पुस्तिका करावी, असे ठरवून मी कामाला लागलो. मी पेशाने हिशेबनीस आहे. ध्वनिमुद्रणाचे किंवा संगणकशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. त्यामुळे या कामात एकही पैशाचे सॉफ्टवेअर घ्यायचे नाही, असा नियम स्वतःला घालून घेतला.

पहिली अडचण यंत्राची नव्हती, कॅसेटची होती. फितीला प्लेअरच्या डोक्याशी (फीत वाचणाऱ्या हेडशी) दाबून धरणारा फेल्टचा छोटा तुकडा गळून पडला होता, त्यामुळे आवाज मधूनच दूर जात असे. दुसऱ्या एका टाकाऊ कॅसेटचा तुकडा काढून तिथे बसवला आणि प्लेअरचे डोके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. मग हेडफोनच्या खाचेतून वायर काढून लॅपटॉपला जोडली आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २४ बिटवर सगळी कॅसेट एकदा सरळ उतरवून घेतली. ही मूळ नक्कल दर्जा न घटवणाऱ्या फ्लॅक स्वरूपात वेगळी ठेवली आणि पुढचे सगळे प्रयोग तिच्या प्रतींवरच केले. पुढे ज्या चुका झाल्या, त्या पाहता ही एक गोष्ट सुरुवातीलाच सुचली हे माझे नशीब म्हणायचे.

ऐकताना आजीचा आवाज थोडा बारीक वाटत होता. प्लेअर जरा वेगाने धावत असावा अशी शंका आली, पण नेमका किती, हे कळायला मार्ग दिसेना. ऑडॅसिटीत ध्वनीतल्या वारंवारता आलेखावर पाहता येतात. तिथे तळाशी एकमेकांना चिकटून दोन टोके दिसली, एक ५० हर्ट्झच्या जागी आणि दुसरे ५२ च्या आसपास. लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा उतरवले, तेव्हा ५० चे टोक नाहीसे झाले, म्हणजे ती आजच्या घरातल्या, ५० हर्ट्झवर चालणाऱ्या विजेची गुणगुण होती. ५२ चे टोक मात्र जागचे हलले नाही. १९९६ साली रेकॉर्डर विजेवर लावला होता, तेव्हाची गुणगुण फितीवर उमटली होती आणि फीत वेगाने फिरल्यामुळे ती वर सरकली होती. हिशेब सोपा होता: ५० ला ५२ ने भागले की ०.९६ येते, म्हणून वेग सुमारे पावणेचार टक्क्यांनी कमी करायचा. हे गणित सुटल्यावर मला जो आनंद झाला, तो ताळेबंद जुळल्यावर होतो तसाच होता. पण त्या काळी आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० वर ठाम राहत नसे, संध्याकाळी मागणी वाढली की ती बरीच खाली येई, हे नंतर लक्षात आले, आणि त्या दिवशी ती नेमकी किती होती, हे फीत सांगू शकत नव्हती. शेवटी आत्याला फोनवर तीन वेगवेगळे नमुने पाठवले. तिने सर्वांत संथ नमुना निवडला आणि म्हणाली, "आईचा आवाज जाड व्हता रं, बाकीचे दोन माझ्यावाणी वाटत्यात." मी तोच वेग कायम केला.

आता जात्याच्या घरघरीविषयी. ऑडॅसिटीतली आवाज कमी करण्याची सोय अशी चालते की नुसता नको असलेला आवाज जिथे आहे, असा एखादा तुकडा तिला आधी दाखवायचा आणि मग तो आवाज सगळीकडून किती डेसिबलने उतरवायचा ते सांगायचे. मी दोन ओव्यांमधली नुसती घरघर दाखवली आणि उत्साहाच्या भरात २४ डेसिबल उतरवले. घरघर गेली, पण आजी विहिरीच्या तळातून गाते आहे असे वाटू लागले. त्यानंतर बोलण्याचा आवाज शुद्ध करणारे एक एआय साधन वापरून पाहिले. त्याने तर आणखी मजा केली: शब्द ठेवले आणि ओवीच्या शेवटी आजी जो लांब हेल काढते, तो गोंगाट समजून कापून टाकला. बोलणे म्हणजे काय हे त्याला शिकवलेले आहे, गाणे म्हणजे काय हे नाही. शिवाय जाते गेल्यावर ओव्यांना चालच उरली नाही, कारण दगडाचा फेरा आणि ओवीचा चरण एकमेकांना धरून चालतात. अखेरीस मी फक्त ६ डेसिबल उतरवले आणि घरघर राहू दिली.

शब्द लिहून काढण्यासाठी व्हिस्पर हे ऐकलेले बोलणे लिहून देणारे एआय साधन वापरले. ओपनएआयने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ते सर्वांसाठी मोफत खुले केले, आणि त्याची हलकी आवृत्ती माझ्या आठ जीबीच्या, वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवायही चालते, याचे मला अप्रूप वाटले. मधल्या आकाराचे मॉडेल रात्री सुरू करून झोपायचे आणि सकाळी मजकूर पाहायचा, असा क्रम ठेवला. पहिल्या सकाळी सगळा मजकूर हिंदीत होता, कारण भाषा ओळखण्याचे काम मी त्याच्यावरच सोपवले होते. दुसऱ्या सकाळी भाषा मराठी मिळाली, पण जिथे नुसते जाते फिरते आहे, तिथे एकच ओळ सोळा वेळा लिहिलेली होती. हे यंत्र तीस तीस सेकंदांचे तुकडे घेते आणि आधी स्वतःच लिहिलेला मजकूर पुढच्या तुकड्यासाठी संदर्भ म्हणून वाचते. त्यामुळे एकदा घसरले की घसरतच जाते. आधीचा मजकूर वाचू नको, अशी सूचना दिल्यावर ही पुनरुक्ती बरीचशी थांबली. स्वच्छ केलेल्या प्रतीपेक्षा घरघर असलेल्या मूळ प्रतीवरच ते कमी चुकले, हे मात्र माझ्या अपेक्षेच्या उलट होते.

तरीही बऱ्याच शब्दांची वाट लागली होती. ज्या ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर हे यंत्र घडले, त्यात इंग्रजी सोडून इतर भाषांतल्या लेखनाचे १,१७,००० तासच होते, आणि तेही कितीतरी भाषांत वाटलेले. माणदेशी बाईच्या ओवीने त्यात कुठून जागा मिळवावी? "दळन" चे "दर्शन" झाले, "इठू" चे "इथून" झाले. अशा चुका लगेच डोळ्यांत भरतात आणि दुरुस्तही होतात. मला फसवले ते एका वेगळ्याच शब्दाने. एका ओवीत "मुरली" आली असे यंत्राने लिहिले. ओवी, देवाचे नाव, मुरली, सगळे इतके जुळून आले की मी ती ओळ तपासलीसुद्धा नाही आणि पुस्तिकेत कृष्णाच्या ओव्यांमध्ये घातली. कच्चा मजकूर आत्याला वाचून दाखवला, तेव्हा तिने मध्येच थांबवले. "मुरली न्हवं, मुराळी. दिवाळीला बहिणीला न्यायला भाऊ येतो, त्यो मुराळी." मी ध्वनी पुन्हा लावला. दीर्घ रा इतका स्पष्ट होता की मला तो आधी ऐकू कसा आला नाही, याचेच नवल वाटले. पण समोर लिहिलेले वाचत ऐकले की कान डोळ्यांचेच म्हणणे मानतात. त्या दिवसानंतर मी पद्धत बदलली. आधी मजकूर झाकून ऐकायचे, स्वतः लिहायचे आणि मग यंत्राचे लेखन शेजारी ठेवायचे. वेळ तिप्पट लागला. बोलीतले रूप जसे उच्चारले तसेच लिहायचे, हा धडा मात्र ओव्यांचे अभ्यासक गी पॉयटवां आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह चाळताना आयताच मिळाला.

मुखपृष्ठाचा प्रसंग थोडक्यात सांगतो. चित्र काढून देणाऱ्या एका एआय साधनाला नऊवारीतली बाई जात्यावर दळते आहे, असे चित्र मागितले. त्याने कुंभाराच्या चाकासारखे काहीतरी काढले, खुंटा बरोबर मधोमध उभा केला आणि पीठ वरून उसळताना दाखवले. खुंटा वरच्या दगडाच्या कडेला असतो आणि मधल्या तोंडात मुठीने धान्य वैरायचे असते, हे पाच प्रकारे सांगूनही खुंटा काही हलेना. मग गावच्या जात्याचा फोटो मागवला, तो कृता या चित्रकलेच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये खालच्या थरावर ठेवला आणि वरच्या थरावर गिरवून रेषाचित्र काढले. बाई काढण्याइतका हात नाही, म्हणून नुसते जातेच ठेवले. मजकूर लिब्रेऑफिसमध्ये, मुक्त परवान्यातल्या मुक्ता टंकात लावला.

दुसऱ्या बाजूच्या शेवटी साधारण चार मिनिटे ओव्या नाहीत, आणि याचा दोष माझ्याकडे जातो. पुसले जाऊ नये म्हणून कॅसेटच्या वरच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी तोडायची असते. ती वडिलांनी तोडली नव्हती आणि मी दहा वर्षांचा असताना त्यावर रेडिओवरचे क्रिकेटचे हिंदी समालोचन भरले. खाली पुसलेली ओवी कोणत्याही साधनाने वर येत नाही, हे आठवडाभर प्रयत्न करून मी मान्य केले. गंमत अशी की सबंध साठ मिनिटांत व्हिस्परने एकही चूक न करता उतरवलेला भाग तेवढाच आहे.