तासगावची राजदूत ३५० : क्रँक बाहेर आला, आता खरं चित्र दिसतंय

तर मंडळी, मामांच्या आरडीचं म्हणजे राजदूत ३५० चं इंजिन शेवटी पूर्ण उघडलं, आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा मुख्य शाफ्ट, बाहेर काढला. ज्याला ज्याला सांगितलं होतं गाडी सांगलीला आणलीय म्हणून, त्यातल्या निम्म्या लोकांचा एकच प्रश्न, अजून चालू का केली नाहीस? तर चालू झाली असती. स्पार्क येत होता, किकला कॉम्प्रेशन पायाला लागत होतं, कार्ब्युरेटर धुऊन ताजं पेट्रोल टाकलं असतं तर चार-पाच किकमध्ये धूर काढत उभी राहिली असती. आणि मग एखाद्या रविवारी पेठ नाक्याकडं चौथ्या-पाचव्या गिअरला ओढताना एक पिस्टन जाम, मागचं चाक लॉक. बंद गाडीच्या इंजिनाची वाट उभं राहून जेवढी लागते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पहिल्यांदा चालू केल्यावर लागते, हे आज सगळं उघडून बघितल्यावर मला जास्तच पटलंय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून आपल्याकडं बनवलेली ही यामाहा आरडी ३५०, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू स्ट्रोक, ६४ एमएम बोअर ५४ एमएम स्ट्रोक, सहा गिअर. आधी हाय टॉर्क आली ३०.५ बीएचपीची, मग लो टॉर्क २७ ची, मामांची एलटी आहे. दहा-बारा वर्षं तासगावच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी, वर ताडपत्री.

आता टू स्ट्रोकला हे उभं राहणं जास्त का बाधतं ते सांगतो. फोर स्ट्रोकमध्ये क्रँकच्या खाली लिटरभर ऑइल तरी असतंय, इथं क्रँकच्या खोलीत ऑइल साठतच नाही, पेट्रोलबरोबर जे येतं तेवढ्यावरच बेअरिंग चालतात. गाडी उभी राहिली की ती फिल्म हळूहळू खाली उतरते आणि लोखंड उघडं पडतं. त्यात पिस्टन खाली असलेल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं भोक, सताड उघडा असतो, म्हणजे सायलेन्सरमधनं पावसाळ्याची दमट हवा थेट आत, आणि आरडीचा क्रँक १८० डिग्रीचा असल्यामुळं एक वर एक खाली, त्यामुळं कुठल्याही पोझिशनला उभी करा, बहुतेक वेळा एक बाजू उघडीच राहते. माझ्याकडं डावीकडचा पिस्टन खाली होता आणि गंज पण डावीकडंच जास्त निघाला.

दुसरी गोष्ट क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांना हवा-ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगा. आरडीमध्ये हा सगळ्यात महत्त्वाचा विषय आहे आणि लोक सगळ्यात शेवटी त्याच्याकडं बघतात. टू स्ट्रोकची क्रँककेस म्हणजे एक पंप आहे, तिथनं हवा गळायला लागली की मिश्रणाचं गणितच बिघडतं. सीलचं रबर वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून बसलं की कडक होतं, त्याची ओठासारखी कड आहे ती सपाट होते, आणि त्या कडेला लागून शाफ्टवर गंजाचं बारीक कडं तयार होतं. पहिल्या किकला तेच कडं सीलची कड कापतं. डावीकडचं म्हणजे पॉइंटच्या (स्पार्क पाडणाऱ्या स्विचच्या) बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन होतं म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, पिस्टन तापतो, प्लग पांढराफटक दिसतो, थ्रॉटल सोडल्यावर पण आरपीएम लगेच उतरत नाही. उजवीकडचं क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढून जळतं, पांढरा धूर, आणि गिअरबॉक्सचं ऑइल गायब. उजवीकडचं निदान धूर काढून सांगतं तरी. डावीकडचं इतक्या उघडपणे सांगत नाही, आयडलला गाडी मस्त वाटते आणि फुल लोडवर घात करते.

म्हणून उघडायच्या आधी प्रेशर टेस्ट घेतली, आणि ही प्रत्येकानं घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, खर्च काहीच नाही. जुन्या बीपी मशीनचा पंप आणि काटा घेतला. त्याचा काटा ३०० एमएम पाऱ्यापर्यंत जातो, म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय, आपल्याला सहाच्या आसपासच पाहिजे असतंय, त्याच्यापेक्षा फार जास्त भरलं तर चांगलं सील पण जागेवरनं सरकायचं. दोन्ही एक्झॉस्ट आणि दोन्ही इनटेक रबर लावून प्लेटनं बंद केले, आणि पिस्टन खाली आहे त्या बाजूच्या एक्झॉस्ट प्लेटमधनं हवा भरली. दोन्ही सिलिंडर एकदमच बंद करावे लागतात कारण क्रँकच्या मधलं सील लॅबिरिंथ प्रकारचं आहे, ते शाफ्टला टेकतच नाही, त्यामुळं हवा थोडीफार इकडनं तिकडं जातेच. सहा मिनिटं बघायचं, मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरायला नको, म्हणजे बीपीच्या काट्यावर साधारण ५०.

माझा काटा पंप सोडल्या सोडल्या खाली. साबणाचं पाणी मारलं तर पॉइंट प्लेटच्या मागनं फुगेच फुगे. उजवीकडचं सील कव्हरच्या आत असतं, दिसत नाही, म्हणून गिअर ऑइलच्या भोकावर साबणाचा पडदा धरला, तो पण हळूहळू फुगला. दोन्ही सील गेलेले. मिरजेचे आमचे मिस्त्री शेजारी उभे होते, आयुष्य टू स्ट्रोकमध्ये गेलेला माणूस, ते म्हणाले, "आता याला किक मारायची नाही. सरळ खोला."

खोलल्यावर डावीकडच्या मेन बेअरिंगच्या खालच्या भागात गोळ्यांवर आणि रेसवर (गोळ्या ज्या कड्यात फिरतात त्यावर) गंजाचे खड्डे, अगदी बारीक, पण नखाला लागतात. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला पण डाग. काही जण म्हणतील पॉलिश करून चालवा. नको. खड्डा पडलेला रेस पहिले काही किलोमीटर नुसता आवाज करतो, मग गोळ्यांना धरून ठेवणारा पिंजरा तुटतो, आणि टू स्ट्रोकमध्ये त्या तुकड्यांना वर जायला ट्रान्स्फर पोर्टचा, म्हणजे क्रँककेसमधनं सिलिंडरमध्ये मिश्रण नेणाऱ्या वाटेचा, सरळ रस्ता आहे, पिस्टन, ब्लॉक, हेड सगळं एका झटक्यात जातं. क्रँक दाबून घेण्याचा, म्हणजे प्रेसवर सुटा करून नवीन बेअरिंग घालून परत जोडण्याचा खर्च त्याच्यापुढं काहीच नाही.

ऑइल पंपाचं पण बघा. ऑइलच्या टाकीतलं जुनं टूटी (टू स्ट्रोकचं) ऑइल काकवीसारखं घट्ट झालं होतं आणि पंपापासून सिलिंडरकडं जाणाऱ्या दोन बारीक नळ्या कडक होऊन एक तर हातात मोडली. पंप फिरतोय म्हणजे ऑइल पोचतंय असं समजायचं नाही, नळीत हवेचा फुगा असला तरी एक बाजू कोरडी राहते.

कार्ब्युरेटरमध्ये पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारी बारीक भोकं) दोन्ही बंद होते, पण एक सहज मोकळा झाला आणि दुसरा बदलावा लागेल. दोन कार्ब्युरेटर असल्यामुळं एकच बाजू लीन होऊन एकच पिस्टन मरतो हे आरडीत नेहमीचं. इनटेकच्या रबरांना भेगा आहेत, ते पण बदलायचे, तिथनं पण हवा ओढली जाते. रीडच्या पात्या (आत आलेलं मिश्रण परत जाऊ न देणाऱ्या) उजेडावर धरून बघितल्या, नीट बसतात. एअरबॉक्समध्ये कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, सायलेन्सर पण काढून बघाच.

पेट्रोलबद्दल. ही गाडी डिझाइन झाली तेव्हा आपल्या पंपावर इथेनॉल नव्हतं, आता ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, उभ्या गाडीत ते पाणी खाली बसतं, आणि खाली काय असतंय, तर लोखंडी टाकीचा तळ आणि फ्लोट चेंबर. जुनी रबरं पण फुगतात. म्हणून सील व्हायटॉन रबराचे मिळतात का बघतोय, साध्या नायट्राइल रबरापेक्षा इथेनॉलला जास्त टिकतात. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर फ्लोट चेंबर रिकामे करायचे, हे मी सगळ्या गाड्यांना करतो.

सांगली-मिरज भागातनं जुनी गाडी घेणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, २०१९ आणि २०२१ च्या पुरात गाडी कुठं होती ते विचारा. मामांची तासगावला होती म्हणून तो प्रश्न नव्हता. पण कृष्णाकाठची असेल तर हेडलाइटच्या वाटीत, ब्रेक ड्रमच्या आत, साइड कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात बोट घालून बघा, वाळलेला बारीक गाळ तिथं राहतोच, वरनं कितीही धुतली तरी. टू स्ट्रोकमध्ये पुराचं पाणी सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरमधनं सरळ क्रँकमध्ये जातं. अशी गाडी क्रँक न खोलता चालू करायची नाही, विकणाऱ्यानं चालू करून दाखवलेला व्हिडिओ कितीही छान असला तरी.

सध्याची स्थिती अशी, क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात दिलाय, चारही मेन बेअरिंग आणि दोन्ही रॉड किट नवीन, मधलं लॅबिरिंथ पण क्रँक सुटलाच आहे तर बघून घेणार, आणि दाबल्यावर रनआउट (फिरवताना शाफ्ट किती डुलतो ते) ०.०३ एमएमच्या आत पाहिजे असं सांगून ठेवलंय. ब्लॉकमध्ये उजवा बोअर चांगला आहे, डावीकडं पोर्टच्या खाली गंजाची पट्टी आहे, होनिंगनं (आतनं हलकं घासून) गेली तर ठीक, नाहीतर दोन्ही बाजूला एकाच साइजचा ओव्हरसाइज पिस्टन.

इंजिन परत जोडून झालं की पुन्हा तीच बीपी मशीनची टेस्ट, आणि पास झाली तरच किक. पहिली टाकी लिटरला ४० एमएल ऑइल मिसळून, पंप चालू असला तरी, आणि पंपाची हवा काढून दोन्ही नळ्यांत ऑइल डोळ्यांनी दिसल्याशिवाय नाही. आधी नुसतं गरम करून थंड करायचं, असं काही वेळा, मग प्लग काढून दोन्हीचा रंग शेजारी शेजारी ठेवून बघायचा. एलटीला व्हायटॉनचे क्रँक सील कुणी बसवलेत का, आणि माप बरोबर आलं का, एवढं मात्र कुणी बसवले असतील त्यांनी नक्की सांगा, ऑर्डर त्याच्यासाठीच थांबवून ठेवलीय.