तळघरातलं घड्याळ

रविवार, रात्री उशिरा

6 एप्रिल 1941 हाही रविवारच होता. त्या सकाळी जर्मन विमानांनी युगोस्लाव्हियाच्या राजधानीवर, बेलग्रेडवर बॉम्ब टाकले. एमिर कुस्तुरिचाच्या 'अंडरग्राउंड' या सिनेमात प्राणिसंग्रहालयातला तोतरा इवान जनावरांना खाऊ घालत फिरत असतो, आणि बघता बघता पिंजरेच उरत नाहीत. हत्ती रस्त्यावर येतो, एका खिडकीशी थांबतो आणि सोंडेनं बूट उचलून चालता होतो. आत ब्लॅकी, सिनेमाचा एक नायक, जेवायला बसलाय. घराच्या भिंती हादरतायत, पण गडी ताटावरून उठायला तयार नाही.

असं काही पडद्यावर दिसलं की आपण लगेच 'जादुई वास्तववाद' म्हणून मोकळे होतो. पण त्या दिवशी जनावरं खरोखरच शहरात शिरली होती. कालेमेग्दान किल्ल्यातलं हे प्राणिसंग्रहालय 1936 मध्ये सुरू झालं होतं. तिथे मुया नावाची एक मगर 1937 मध्ये आणली गेली. 1941 चे जर्मन बॉम्ब आणि 1944 चे दोस्त राष्ट्रांचे बॉम्ब, दोन्हींतून ती वाचली. राजा गेला, कम्युनिस्ट टिटो आला, टिटो गेला, देश फुटला, आणि मुया आपल्या डबक्यात जिवंतच राहिली. एकविसावं शतकही तिनं पाहिलं. एखाद्या लेखकानं हे कागदावर रचलं असतं तर आपणच म्हटलं असतं, जरा अती होतंय.

म्हणून मला या भागातल्या सिनेमातल्या जादूचं वेगळं कौतुक नाही वाटत, तिच्यावर विश्वास वाटतो. ती इतिहासातूनच उचललेली असते.

आणि तळघर. आज रात्री झोप येत नाहीये ती त्या तळघरामुळे. मार्को आणि ब्लॅकी जिवाभावाचे मित्र, दोघेही तस्कर, दोघेही जर्मनांविरुद्ध लढणारे. ब्लॅकी जखमी होतो, मार्को त्याला आणि इतर बऱ्याच जणांना तळघरात लपवतो. युद्ध संपतं. हे मार्को त्यांना सांगतच नाही. वर टिटोचं राज्य आलंय, मार्को त्यात बडा माणूस झालाय, ब्लॅकीच्या प्रेयसीशी, नटी नतालियाशी त्यानं लग्न केलंय, आणि हुतात्मा म्हणून ब्लॅकीचा पुतळाही उभा राहिलाय. खाली माणसं शत्रू अजून दाराशी आहे असं समजून बंदुका बनवतायत, रणगाडासुद्धा बनवतायत. मार्को मधूनमधून भोंगा वाजवून विमानहल्ल्याचं नाटक करतो. तळघरातला म्हातारा त्याला सामील आहे. तो रोज घड्याळाचे काटे मागे सारतो, आणि वीस वर्षांतली पाच वर्षं अशीच गायब होतात.

ते घड्याळ माझ्या डोक्यातून जात नाही. एखाद्या राजवटीनं लोकांना इतिहास कसा पढवला हे सांगायला कुणी जाड ग्रंथ लिहील. इथे एक म्हातारा काटा सरकवतो आणि सगळं कळतं. युगोस्लाव्हियाला आपल्या महायुद्धाचा हिशेब कधी नीट मांडूच दिला गेला नाही. क्रोएशियन फॅसिस्ट उस्ताशांनी यासेनोवाच्च्या छावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना मारलं, सर्ब राजनिष्ठ चेतनिकांनी मुसलमानांची गावं कापून काढली, युद्ध संपल्यावर टिटोच्या पार्टिझान सैन्यानं शरण आलेल्यांना मारलं. या सगळ्यावर 'बंधुता आणि एकता' असं लिहिलेलं झाकण घट्ट बसवलं गेलं. खाली माणसं शस्त्रं घासत बसली. 1991 मध्ये देश फुटू लागला आणि ती वर आली तेव्हा त्यांच्या घड्याळात अजून 1941 च वाजत होते.

सिनेमातही असंच होतं. ब्लॅकी मुलाला घेऊन बाहेर पडतो आणि नेमका एका चित्रीकरणात जाऊन घुसतो. मार्कोच्या आठवणींवर बेतलेला युद्धपट चाललाय, जर्मन गणवेशातले नट उभे आहेत. ब्लॅकीला ते खरे जर्मन वाटतात. तो गोळी घालतो.

मुलगा योवान तळघरातच जन्मलेला आणि तिथेच वाढलेला. त्यानं आभाळ कधी पाहिलेलं नाही. चंद्र दिसतो तेव्हा त्याला वाटतं, हाच सूर्य. आज तिथे थांबवून मी तो प्रसंग परत पाहिला.

सोमवार

सकाळी बाबांना म्हटलं, काल युगोस्लाव्हियाचा सिनेमा पाहिला.

"म्हणजे टिटोचा देश! नेहरू, टिटो, नासर. आम्हाला पाठ होतं गं. आता कुठे राहिला तो देश?"

बाबांच्या पिढीला तो देश अलिप्ततावादामुळे ठाऊक. चळवळीची पहिली शिखर परिषद सप्टेंबर 1961 मध्ये बेलग्रेडलाच भरली होती, नेहरू गेले होते. 'अंडरग्राउंड'मधला तळघरातला लग्नसोहळाही त्याच सुमाराचा. वर जगभरचे नेते येतायत, स्वागतं होतायत, आणि खाली ही माणसं. हे डोक्यात आलं आणि चहा गार झाला.

माझ्या पिढीला त्या बाजूचा एखादा सिनेमा नावानिशी ठाऊक असेल तर तो डॅनिस तानोविचचा 'नो मॅन्स लँड'. कारण 2002 मध्ये आशुतोष गोवारीकरांच्या 'लगान'ला मागे टाकून ऑस्कर त्यानं नेलं. तेव्हा किती जणांनी नाकं मुरडली! खंदकात अडकलेले दोन शत्रू आणि उठला तर फुटेल अशा सुरुंगावर पडलेला तिसरा, एवढ्यात बोस्नियाचं युद्ध मांडणारा तो सिनेमा कुणी पाहिला मात्र नव्हता.

मंगळवार, रात्री

आज ज्याचा त्रास होतोय ते लिहून काढायलाच हवं.

'अंडरग्राउंड'मध्ये जे धादांत अशक्य आहे ते खरं बोलतं. मला संशय येतो तो अस्सल फिल्मच्या तुकड्यांवर. बॉम्बहल्ल्यानंतर कुस्तुरिचा जुन्या न्यूजरील दाखवतो. जर्मन सैन्य स्लोव्हेनियातल्या मारिबोरमध्ये शिरतं, रस्त्याच्या दुतर्फा गर्दी, जल्लोष. क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये शिरतं, तिथेही जल्लोष. मग सर्बियातलं बेलग्रेड: पडकी घरं आणि ओस रस्ते. वर 'लिली मार्लेन' हे जर्मन गाणं वाजत राहतं. हेच गाणं पुढे 1980 मध्ये टिटोच्या अंत्ययात्रेच्या दृश्यांवरही वाजतं. (त्या अंत्यविधीला इंदिरा गांधी गेल्या होत्या, शंभरावर देशांचे प्रतिनिधी आले होते.) हे गाणं युद्धकाळात जगभर पोचलं ते जर्मनांनी ताब्यात घेतलेल्या बेलग्रेडच्या रेडिओवरूनच. 1941 पासून रात्री तिथून ते लागायचं आणि आफ्रिकेच्या वाळवंटातले दोन्ही बाजूंचे सैनिक ऐकायचे. गाण्याची निवड अफाट आहे, त्याबद्दल वादच नाही.

न्यूजरीलमधला एकही तुकडा खोटा नाही. झाग्रेबमध्ये स्वागत झालंच होतं. पण मारिबोरमध्ये जर्मन भाषकांची मोठी वस्ती होती आणि तिथल्या हजारो स्लोव्हेन लोकांना जर्मनांनी लवकरच घरादारातून हाकललं, हे त्या जल्लोषात दिसत नाही. बेलग्रेडमध्येही ऑगस्ट 1941 मध्ये जनरल नेदिचचं जर्मनांच्या तालावर चालणारं सरकार आलं, तेही दिसत नाही. तीन शहरं ओळीनं लावली की प्रेक्षक आपोआप निकाल देतो: हे फितूर, हे फितूर, आणि हे बिचारे. सिनेमा आला त्या 1995 मध्ये, बोस्नियात युद्ध चालू असताना, हा क्रम निरागस असूच शकत नाही.

तो मे महिना नीट आठवायला हवा. 25 मे हा युगोस्लाव्हियात टिटोचा वाढदिवस म्हणून 'युवक दिन' साजरा व्हायचा. 1995 च्या त्याच तारखेला संध्याकाळी बोस्नियातल्या तुझला गावात तरुण मुलंमुली चौकात जमलेली असताना बोस्नियन सर्ब सैन्याचा तोफगोळा येऊन पडला. 71 जणांचा जीव गेला. तीन दिवसांनी कान महोत्सवात 'अंडरग्राउंड'ला पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. जुलैमध्ये स्रेब्रेनित्साचं हत्याकांड झालं, बोस्नियन सर्ब सैन्यानं हजारो मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले.

फ्रेंच विचारवंत आलँ फिंकिएलक्रॉत यांनी 'ल माँद'मध्ये हा सर्बांचा प्रचार आहे म्हणत सिनेमावर कडाडून टीका केली, आणि तीही सिनेमा न पाहता. हे मला अजिबात पटत नाही. एखाद्याच्या एवढ्या मेहनतीवर लिहायचं तर तीन तास खुर्चीत बसायला हवं. तरी त्यांनी उभा केलेला प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

कारण तिसऱ्या भागातल्या युद्धाला नावच नाही. ब्लॅकी कुठल्याशा सैन्याचा सेनापती आहे. सैन्य कुणाचं? कुणालाच माहीत नाही. चर्च जळतंय, उलटा लटकलेला ख्रिस्त आहे, त्याच्याभोवती पेटलेली चाकाची खुर्ची गोल गोल फिरतेय. बघताना अंगावर काटा येतो. पण कोण कुणाला वेढून बसलंय, हे कुणी सांगत नाही. सगळे वेडे, सगळे भाऊ, सगळ्यांनी एकमेकांना मारलं.

कुस्तुरिचा बोस्नियाच्या राजधानीचा, साराएव्होचा. तिथेच 1954 मध्ये जन्मला. एप्रिल 1992 पासून फेब्रुवारी 1996 पर्यंत ते शहर वेढ्यात होतं, आणि वेढा बोस्नियन सर्ब सैन्याचा आहे हे जगाला दिसत होतं. साराएव्होलाही प्राणिसंग्रहालय होतं. तोफा आणि बंदुकांच्या टप्प्यातच ते आलं होतं, तिथे जाऊन जनावरांना चारा घालणं म्हणजे जिवाशी खेळ होता. एकेक जनावर उपाशी मेलं. शेवटी एक अस्वल उरलं होतं, 1992 च्या नोव्हेंबरमध्ये तेही गेलं. बेलग्रेडचं राष्ट्रीय ग्रंथालय 6 एप्रिल 1941 ला मध्ययुगीन हस्तलिखितांसकट जळालं, आणि साराएव्होचं ग्रंथालय, ती वियेचनित्साची देखणी इमारत, ऑगस्ट 1992 मध्ये जळाली. हत्तीनं बूट पळवल्याचं ज्याला सुचतं, त्याला आपल्याच गावातलं ते अस्वल का दिसलं नसेल? हा प्रश्न मी रागानं विचारत नाहीये. मला खरंच कळत नाही, आणि त्याच्या कामावर माझं प्रेम आहे म्हणूनच हे जास्त लागतं.

सिनेमाच्या शेवटी मेलेले सगळे डॅन्यूबकाठी परत लग्नाच्या पंगतीला बसतात. मार्को माफी मागतो. ब्लॅकी म्हणतो, माफ करीन, विसरणार नाही. जमिनीचा तो तुकडा काठापासून सुटून नदीत वाहू लागतो आणि पंगत चालूच राहते. पहिल्यांदा पाहिला तेव्हा या दृश्यानं मला ढसाढसा रडवलं होतं. आजही रडू आलं. पण त्या पंगतीत स्रेब्रेनित्साच्या आयांना कुणी पाट मांडलेला नाही.

गुरुवार

काल 'व्हेन फादर वॉज अवे ऑन बिझनेस' पाहिला. कुस्तुरिचाचाच, दहा वर्षं आधीचा, 1985 चा, त्यालाही पाम दोर मिळालेलं. पटकथा अब्दुल्लाह सिद्रान या साराएव्होच्या कवीची. मला वाटतं, हा त्याचा सगळ्यात सच्चा सिनेमा आहे.

1948 मध्ये टिटोचं स्टालिनशी फाटलं आणि आपल्याच लोकांत स्टालिनचे हस्तक शोधणं सुरू झालं. मेशा नावाचा एक साधा माणूस वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र पाहतो. मार्क्स लिहीत बसलाय आणि मागे भिंतीवर स्टालिनची तसबीर. मेशा म्हणतो, जरा जास्तच झालं. हे तो म्हणतो आपल्या ठेवलेल्या बाईजवळ. ती ते त्याच्या मेहुण्याला सांगते. मेहुणा पोलिसातला. मेशाला सक्तमजुरीवर पाठवतात, आणि पोराला सांगतात, बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत.

इथे उडत्या नवऱ्या नाहीत, माकडाच्या हाती रणगाडा नाही. जादू म्हणाल तर एवढीच की धाकटा मलिक झोपेत चालतो. डोळे मिटलेले, पावलं बरोबर. आईच्या जिवाला केवढा घोर! मोठी माणसं दिवसा जे तोंडातून काढत नाहीत ते या पोराच्या अंगातून रात्री बाहेर पडतं. पुढे कुटुंब बापाजवळ झ्वोर्निकला राहायला जातं. झ्वोर्निकचं नाव ऐकलं आणि पोटात गोळा आला. एप्रिल 1992 मध्ये निमलष्करी टोळ्यांनी तिथल्या मुसलमानांना मारलं, उरलेल्यांना हाकललं. 1985 च्या या सिनेमात कॅमेऱ्यासमोर खेळणारी पोरं तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर असणार.

मेशा झालाय मिकी मानोयलोविच, आणि 'अंडरग्राउंड'मधला मार्कोही तोच. एका शब्दासाठी शिक्षा भोगणारा आणि वीस वर्षं थापा मारणारा, एकच चेहरा. मेशाची बायको सेना झालीय मिर्याना कारानोविच. 'अंडरग्राउंड'मध्ये ती ब्लॅकीची बायको वेरा, तळघरात योवानला जन्म देऊन मरणारी. इतकी छोटी भूमिका की नजरेतून निसटावी.

हीच कारानोविच 2006 मध्ये यास्मिला झ्बानिचच्या 'ग्रबावित्सा'मध्ये एस्मा झाली. वेढ्यानंतरचं साराएव्हो, एकटी आई, शाळेच्या सहलीचे पैसे भरायचेत. बाप युद्धात शहीद झाल्याचा दाखला असेल तर सवलत मिळते. दाखला नाही, कारण मुलगी छावणीतल्या बलात्कारातून जन्मलेली आहे आणि तिला ते सांगितलेलं नाही. म्हणजे पुन्हा बापाबद्दलची थाप. पण इथे मुलगी सत्य खेचून बाहेर काढते, आणि आई ते किंचाळत सांगते. बर्लिन महोत्सवात या सिनेमाला सोनेरी अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला तेव्हा युद्धातले बोस्नियन सर्बांचे म्होरके करादझिच आणि म्लादिच अजून मोकळे आहेत, हे झ्बानिचनं व्यासपीठावरून सांगितलं. एस्माची भूमिका एका सर्ब नटीनं केली याचं मला फार मोल वाटतं.

फिल्म क्लबच्या मंडळींना आज कळवून टाकलं. पावसाळ्यात तीन शनिवार हवेत: आधी 'फादर', मग 'अंडरग्राउंड', मग 'ग्रबावित्सा'. क्रम हाच, बदलायचा नाही. दुसऱ्या शनिवारी सिनेमा संपल्यावर अर्धा तास मला बोलायला द्या म्हटलं, बेलग्रेडच्या आणि साराएव्होच्या, दोन्ही प्राणिसंग्रहालयांबद्दल. सुलभाताईंनी लगेच फोन केला, "अगं, तीन तासांच्या सिनेमानंतर कोण थांबणार?" म्हटलं, जे थांबतील त्यांच्यासाठी बोलेन.