जपानीतलं 'उद्या': 'विल' बाजूला ठेवा, 'जावं म्हणतोय' कामाला लावा

जपानीत भविष्यकाळच नाही, असं शिकणाऱ्याच्या कानावर पहिल्या महिन्यातच पडतं. ते अर्धंच खरं आहे. क्रियापदाची काळ दाखवणारी रूपं दोन: झालेलं आणि न झालेलं. 'ताबेमाश्ता' म्हणजे खाल्लं. 'ताबेमास' म्हणजे रोज खातो, आणि खाणार आहे हेही. कुठला अर्थ घ्यायचा ते 'माइनिचि' (रोज) किंवा 'आशिता' (उद्या) असा शब्द सांगतो, नाहीतर संदर्भ सांगतो. (या लेखात ऽ हे चिन्ह आलं की आधीचा स्वर दोन मात्रांचा धरा.)

'ताबेमास'मध्ये 'आत्ता खातोय' मात्र बसत नाही. कोणी फोनवर 'काय करतोयस?' असं विचारलं आणि तुम्ही 'ताबेमास' म्हणालात, तर समोरच्याला वाटेल अजून ताट वाढायचंय. चालू क्रियेला 'ताबेते इमास' लागतं. 'आरु', 'इरु' (असणे), 'वाकारु' (समजणे) ही स्थिती दाखवणारी क्रियापदं तेवढी साध्या रूपात आत्ताचं सांगतात.

खरी गोची पुढे आहे. बहुतेक व्याकरणं इंग्रजीतून लिहिलेली, त्यामुळे ती 'विल'पासून सुरू होतात. 'विल' एकटाच वचन, बेत, अंदाज, तिथल्या तिथे घेतलेला निर्णय अशी सगळी कामं उरकतो. जपानीत त्यांची वेगवेगळ्या रचनांत वाटणी आहे. मराठीतही आहे! मग मधे इंग्रजीचा थांबा घ्यायचाच कशाला?

'नंतर फोन करतो', 'राहू दे, मी करतो' असं आपण वर्तमानकाळातच म्हणतो. जपानीही तेच करते: 'आतो दे देन्वा शिमास', 'वाताशि गा यारिमास'. घरातून निघताना आपण 'जाऊन येतो' म्हणतो, ते तर शब्दाला शब्द 'इत्ते किमास'. असं साधं 'मास' रूप म्हणजे पक्का शब्द. इथे उगाच 'त्सुमोरि' लावलं की शब्द पातळ होतो. 'ओकुरिमास' म्हणजे पाठवतो. 'ओकुरु त्सुमोरि देस' म्हणजे पाठवायचा विचार आहे. वाट बघणाऱ्या क्लायंटला दुसरं वाक्य ऐकवू नका.

बेताच्या तीन पायऱ्या आहेत आणि तिन्हींना मराठी जोड तयार आहे.

'इकोऽ तो ओमोत्ते इमास' म्हणजे जावं म्हणतोय. 'इकोऽ' हे इच्छारूप. क्रियापदांच्या पहिल्या गटात शेवटचा 'उ' जाऊन 'ओऽ' येतो: नोमु (पिणे)–नोमोऽ, काकु (लिहिणे)–काकोऽ. दुसऱ्या गटात ('एरु' किंवा 'इरु'ने संपणारी बहुतेक क्रियापदं) 'रु' काढून 'योऽ' लावायचं: ताबेरु–ताबेयोऽ. अपवाद दोनच, सुरु (करणे)–शियोऽ आणि कुरु (येणे)–कोयोऽ. मनात आत्ताच आलं असेल तर 'ओमोइमास', काही दिवस घोळत असेल तर 'ओमोत्ते इमास'. तिसऱ्या माणसाच्या मनातलं सांगताना 'ओमोत्ते इमास'च हवं, कारण दुसऱ्याचं मन आपण थेट वाचू शकत नाही, असा जपानीचा दंडक आहे.

'इकु त्सुमोरि देस' म्हणजे जायचा इरादा पक्का. त्याआधी शब्दकोशातलं रूप येतं. 'इकिमास त्सुमोरि' ही हमखास होणारी चूक आहे. नकार दोन तऱ्हांनी होतो: 'इकानाइ त्सुमोरि देस' (न जायचं ठरवलंय) आणि 'इकु त्सुमोरि वा आरिमासेन' (जायचा सवालच नाही). दुसरा बराच कडक. आणि साहेबांना 'इकु त्सुमोरि देस का' असं कधी विचारू नये. 'तुमचा इरादा काय?' अशी जाब विचारल्याची धार त्याला येते. आदरार्थी 'इकारेमास का' पुरतं.

'इकु योतेइ देस' म्हणजे जायचं ठरलंय, तारखेसकट. तिकीट, मीटिंग, वेळापत्रक असेल तिथे हे वापरा. नाम असेल तर मधे 'नो' येतो: 'शुच्चोऽ नो योतेइ देस', कामानिमित्त दौरा ठरलाय.

अंदाजाचं घर वेगळं. हवामानाची बातमी देणारा 'आमे गा फुरु देशोऽ' म्हणतो, बहुधा पाऊस पडेल. 'फुरु कामोशिरेमासेन' म्हणजे पडेलही कदाचित. 'कुरु हाझु देस' म्हणजे यायला हवा, कारण तसं म्हणायला काही आधार आहे. यातलं 'देशोऽ' आणि 'हाझु' स्वतःच्या बेताला लावायचं नाही. 'मी उद्या जाईन' याचं 'इकु देशोऽ' केलंत, तर स्वतःबद्दल बाहेरून भाकीत केल्यासारखं वाटतं.

एका स्वराने अर्थ बदलणारी जोडी इथे आहे. 'फुरिसोऽ देस' म्हणजे आभाळ भरून आलंय, पडेलसं दिसतंय. 'फुरु सोऽ देस' म्हणजे पडणार म्हणे. पहिलं डोळ्यांनी पाहिलेलं, दुसरं कानांनी ऐकलेलं. हा आपला 'म्हणे' इंग्रजीत सांगायला अनेकदा अख्खं उपवाक्य लागतं. मराठी माणसाला तो आयताच मिळालाय.

आयतं मिळालेलं आणखी एक म्हणजे अटीतला भूतकाळ. 'स्टेशनला पोचलो की फोन करतो' यात पोचणं अजून व्हायचंय, तरी आपण 'पोचलो' म्हणतो. जपानीतही 'एकि नि त्सुइतारा, देन्वा शिमास'. 'त्सुइता' हे भूतकाळाचंच रूप, त्याला 'रा' जोडलेला. 'पाऊस पडला तर जाणार नाही' म्हणजे 'आमे गा फुत्तारा, इकिमासेन'. 'तोकि'चा (जेव्हा) हिशेबही असाच. 'निहोन ए इकु तोकि, काबान ओ काइमाश्ता' म्हणजे जपानला जाताना, पोचायच्या आधी, बॅग घेतली. 'इत्ता तोकि' म्हटलं की ती तिथे गेल्यावर घेतलेली. मुख्य वाक्याचा काळ काहीही असो, आतलं रूप फक्त आधी की नंतर एवढंच सांगतं.

मराठी जिथे पाय ओढते त्या जागाही आहेत. 'आलोच!' किंवा 'उद्या तुमच्याकडे येतो' असं आपण ऐकणाऱ्याच्या बाजूने बोलतो. जपानीत बोलणारा स्वतः उभा आहे तिथून दिशा ठरते, म्हणून 'इमा इकिमास', 'आशिता इकिमास'. इथे 'किमास' म्हटलं की चुकलंच. 'पुढच्या आठवड्यात'मधला 'त' पाहून 'राइशूऽ नि' म्हणावंसं वाटतं. 'आशिता', 'राइशूऽ', 'राइनेन' यांना 'नि' लावत नाहीत. घड्याळाच्या वेळेला आणि तारखेला मात्र लागतो: 'सान्जि नि', तीन वाजता. बदल असेल तिथे 'देस'वर भागवू नका. पुढच्या वर्षी तीस पूर्ण होणार असतील तर 'राइनेन सान्जुस्साइ नि नारिमास'.

सगळ्यात महाग पडणारी चूक 'पर्यंत'ची. 'शुक्रवारपर्यंत ऑफिसात आहे' आणि 'शुक्रवारपर्यंत पाठवतो' या दोन्हींत आपला एकच 'पर्यंत' आहे. जपानीत पहिल्याला 'किन्योऽबि मादे', दुसऱ्याला 'किन्योऽबि मादे नि'. मुदत असेल तर 'नि' हवाच. 'किन्योऽबि मादे ओकुरिमास' असा मेल गेला, तर वाचणाऱ्याला तुम्ही शुक्रवारपर्यंत रोज पाठवतच राहणार आहात असं वाटेल.