या आठवड्यात झाडू कोणाचा?

मुंबई आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. कागदोपत्री. जिना कोणी झाडायचा या मुद्द्यावर मात्र या बहिणींचं जन्मात जमणार नाही.

श्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत झाडायला कोणी येत नाही. आठवड्याला एक बिऱ्हाड, अशी पाळी असते. ज्यांची पाळी त्यांच्या दाराच्या मुठीला पाटी लटकते: 'केरवोखे', म्हणजे झाडायचा आठवडा. छोट्या केरवोखेत आपल्या मजल्याची फरशी आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या झाडायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या, कठडाही पुसायचा. मोठ्यात फुटपाथ, तळघराची वाट, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि हिवाळ्यात बर्फ. बर्फ लोक कामाला निघायच्या आत हटवायचा, कारण कोणी घसरून पाय मोडला तर भरपाई आपल्या गळ्यात पडू शकते. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला.

हे प्रकरण जुनं आहे. आपली घाण ज्याने त्याने उचलावी, असं इथल्या वुर्टेम्बर्ग संस्थानाच्या काउंट एबरहार्डच्या काळातल्या 1492 च्या नगरनियमांत आहे. 1714 मध्ये गल्ल्यांच्या सफाईचा वेगळा हुकूम निघाला. शेवटी 1988 मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना (हो, दुसऱ्या महायुद्धातल्या फील्डमार्शल रोमेलचे चिरंजीव), पालिकेने दर आठवड्याची सक्ती काढून टाकली. फरक काय पडला? नियम पालिकेच्या पुस्तकातून उठला आणि भाडेकरारात जाऊन बसला.

पण करार रोज काढून वाचतंय कोण? काम चालतं ते शेजाऱ्यांच्या नजरेवर. आणि कानावर. इथले लोक स्वतःवरच विनोद करतात की केरवोखेत बादली जरा आपटायची असते, म्हणजे झाडल्याचं सगळ्यांना कळतं. शनिवारी सकाळी जिन्यात उभं राहिलात तर हा विनोद आहे असं वाटणार नाही.

मध्यंतरी वरच्या मजल्यावर एक विद्यार्थी राहायला आला. पाटी आली, आठवडा गेला, पायऱ्या तशाच. तळमजल्यावरच्या आजी वर चढून आल्या, कठड्यावरून बोट फिरवलं, बोट त्याला दाखवलं आणि म्हणाल्या, "तुमची पाटी अजून इथेच आहे." आवाज चढलेला नाही, चेहरा हसरा, विशीतल्या पोराला चक्क अहो-जाहो. पुढच्या आठवड्यातही पाटी त्याच्याच दारावर राहिली. ती कोणी हलवली नाही आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सोमवारी रात्री दहाच्या आत बादली वाजली. दहानंतर वाजली असती तर तो वेगळा गुन्हा झाला असता.

एवढ्याने भागलं नाही तर पुढच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी दारावर चिठ्ठी (पुणेकरांना ती वाचताना माहेरी आल्यासारखं वाटेल), मग घरमालकाचं पत्र, मग लेखी ताकीद. तरीही हललं नाही तर घरमालक बाहेरून माणूस लावून बिल पाठवू शकतो. तिथवर गाडी क्वचितच जाते. सिग्नलचंही तेच. लाल दिव्यात पायी रस्ता ओलांडला तर दंड फक्त 5 युरो. पण रिकाम्या रस्त्यावरही माणसं उभी राहतात, आणि शेजारी लहान मूल असताना तुम्ही पुढे गेलात तर अनोळखी माणूस तुम्हाला सुनावतो. पोलीस लागतच नाही.

सुरुवातीला मला याचा जाच वाटायचा. मग लक्षात आलं, नजर आपल्याकडेही काही कमी नाही, ती दुसरीकडे लागलेली असते. पुण्यात घर शोधताना भावाला काय काय विचारलं: फॅमिली आहे का, नॉनव्हेज करता का, रात्री मित्र येणार का. जिन्यात पानाची पिंक दिसते, तिच्याबद्दल अवाक्षर नाही. आणि त्याच नजरेचं टोक म्हणजे जातपंचायतीचा बहिष्कार. लग्न कोणाशी केलं यावरून कुटुंबं वाळीत टाकली जायची, म्हणून महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे.

इथे माझ्या घरी कोण येतं, काय शिजतं, याची आजींनी कधी चौकशी केली नाही. प्लास्टिक कचऱ्याच्या पिशवीत काचेची बाटली टाकली का, ती मात्र केली असती. म्हणून हे लोक फार उदार असं समजू नका. परकं आडनाव वाचून घर न देणारे इथेही आहेत, फक्त ते तोंडावर सांगत नाहीत, ईमेलला उत्तरच देत नाहीत.

आता बऱ्याच इमारतींमध्ये घरमालक सफाई कंपनी लावतात आणि खर्च भाड्यासोबतच्या आकारात टाकतात. आमच्याकडेही विषय निघालाय. माझं मत कंपनीच्या बाजूने आहे. ते आजींना सांगायचं काम आम्ही वरच्या विद्यार्थ्यावर सोपवलं आहे.