ओंबिलीच्या वेषातला कोळी आणि डोळ्यातला ठिपका

मंडळी, सापडली! मागच्या दोन नोंदींत जिच्यासाठी जीव टाकत होतो ती मुंगी-कोळ्याची मादी आमच्या गोरेगावच्या सोसायटीतल्या आंब्यावरच निघाली. तिच्यासाठी मी तीन रविवार आरेच्या जंगलात पायपीट केली होती.

ओंबिलींची, म्हणजे झाडावरच्या तांबूस मुंग्यांची, रांग फांदीवरून चालली होती. एक मात्र कडेकडेनं, बाकीच्यांचा धक्का चुकवत. रंग तोच तांबूस-नारिंगी, कंबर तशीच बारीक, पुढचे दोन पाय मिशांसारखे उचललेले. कॅमेरा जवळ नेला तशी थांबली आणि वळून थेट माझ्याकडे बघू लागली. मग टुणकन उडी, आणि मागे रेशमाचा धागा चमकला. पाय मोजले. आठ! दोन मिनिटं फोटो काढायचंच विसरलो.

आता दुखणं सांगतो. पहिल्या दिवसाचे साठच्या साठ फोटो बाद, कारण कोळ्याच्या डोळ्यात पडणारा फ्लॅशचा पांढरा ठिपका. या कोळ्यांचे समोरचे दोन मोठे डोळे म्हणजे फुगीर आरसेच, डिफ्युझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) जसा असेल तसा त्यात दिसतो. चिप्सच्या डब्यापासून केलेल्या माझ्या घरगुती डिफ्युझरमधून मधोमध कडक उजेड आणि भोवती राखाडी कडा. माझी रेनॉक्स २५० (लेन्सपुढे लावायचं जवळून फोटो काढण्याचं भिंग) आठ डायॉप्टर ताकदीची, म्हणजे कोळी भिंगापासून जेमतेम १२ सेंटीमीटरवर. एवढ्या जवळ उजेडाचा पडदा मोठा असून भागत नाही, तो सगळीकडे सारखा उजळावा लागतो. माझा फक्त मधे उजळत होता.

ट्रेसिंग पेपरचे दोन थर लावून पाहिले. मुंबईच्या दमट हवेत तासाभरात कागदाला सुरकुत्या आल्या, आणि फोटो मोठा केला तर त्या सुरकुत्याही डोळ्यात! मग बोरा बाजारातल्या एका दुकानातून ७०० रुपयांचा तयार डिफ्युझर आणला. कापड इतकं जाड की एफ ११ ला (लेन्सचं छिद्र बारीक ठेवून) फ्लॅश पूर्ण ताकदीवर न्यावा लागला. तो पुन्हा चार्ज होईपर्यंत कोळी पानामागे पसार. तयार डिफ्युझरवर पैसे घालू नका, असंच मी सांगेन. त्याच गल्लीतून घेतलेला सेकंडहँड फ्लॅश मात्र चार वर्षं बिनतक्रार चालतोय.

मंगळवारी रात्री उलगडा झाला. चूक जाडीत नव्हती, अंतरात होती. दोन्ही थर मी एकमेकांना चिकटवत होतो. आता आतला थर फ्लॅशजवळ, मग चार बोटं मोकळी जागा, मग बाहेरचा. आत आईचं इडलीपात्रातलं मलमलीचं फडकं (दमट हवेचं त्याला काही नाही), बाहेर दुधी प्लास्टिकचं फाइल-कव्हर, कमानीसारखं वाकवून. एफ ११, १/२०० सेकंद, आयएसओ २००, आणि फ्लॅश १/८ ताकदीवरच भागला.

बुधवारी सकाळी ती त्याच फांदीवर. डोळ्यात आता ठिपक्याऐवजी मऊ, सलग चंद्रकोर. पाठोपाठच्या दोन फोटोंत तर डोळ्याचा रंगच वेगळा आला, एकात काळाभोर, दुसऱ्यात तपकिरी. डोळ्याचं भिंग जागचं हलत नाही, आतलं दृष्टिपटल, म्हणजे चित्र टिपणारा पडदा, सरकतो. ती आतल्या आत नजर फिरवत होती आणि ते मला दिसलं! तो फोटो मी किती वेळा उघडून पाहिला असेन.

स्टॅकिंगचा (अनेक फोटो जोडून एक करण्याचा) बेत सोडला, ती एवढी स्थिर बसत नाही.

येत्या रविवारी पुन्हा आरेत जायचं होतं, पण आता आंबाच. नर हवाय. त्याचे जबडे इतके लांब असतात की ओंबील दुसऱ्या ओंबिलीला तोंडात धरून चालल्यासारखी वाटते. पण लांब जबडा म्हणजे खालून अंधार येणार. हे लिहिता लिहिताच सुचलं, की दह्याच्या डब्याचं पांढरं झाकण भिंगाखाली तिरकं लावलं तर उजेड खालूनही उसळेल. झाकण धुऊन ठेवलंय. आज रात्रीच कोळ्याच्या जागी लवंग ठेवून करून बघतो.